शाईचे पेन आणि अक्षराचे वळण

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. महाविद्यालयातील सहामाही परीक्षेच्या उत्तरपत्रिका मी तपासत बसलो होतो. एका विद्यार्थ्याची पुरवणीसकट जाडजूड उत्तरपत्रिका हाती आली. पहिले पान कसेबसे वाचले. दुसऱ्या पानावर ‘प’ कोणता आणि ‘ष’ कोणता, ‘घ’ कोणता आणि ‘ध’ कोणता, हेच उमगेना. चार ओळी लावता लावता पाच मिनिटे गेली. रात्र बरीच झाली होती, गठ्ठा पुढे पडलेला होता. मी कंटाळून अंदाजाने गुण दिले आणि पुढची उत्तरपत्रिका ओढली.

चार दिवसांनी तो मुलगा भेटायला आला. म्हणाला, “सर, चौथ्या प्रश्नाला मला तीनच गुण कसे पडले?” मी म्हटले, “अरे, तू काय लिहिलं आहेस ते तूच वाचून दाखव बघू.” त्याने अडखळत अडखळत वाचले. आणि काय सांगू, उत्तर चांगले होते! पुस्तकातले मुद्दे तर होतेच, पण आपल्या गावातल्या अनुभवावर ते त्याने ताडूनही पाहिले होते. मी गुण दुरुस्त केले. पण माझी मान खाली गेली ती गेलीच. चूक माझी होती. तरी मनात आले, की पुढे मोठ्या परीक्षेत हा मुलगा आपले उत्तर वाचून दाखवायला कुठे जाणार? तिथे त्याच्या वतीने बोलणारे एकच, त्याचे अक्षर.

‘अक्षर ही देवाची देणगी आहे, ज्याला मिळाली त्याला मिळाली,’ असे आपण सहज म्हणतो. सुंदर अक्षरापुरते ते थोडेबहुत खरे असेल. पण स्वच्छ, सुवाच्य अक्षर ही देणगी नव्हे. ती हाताची सवय आहे आणि सवय बदलता येते. ती कशी बदलावी, आणि शाईच्या पेनाचा तिथे काय उपयोग होतो, एवढेच आज सांगावयाचे आहे.

त्या मुलाला मी समोर बसवून लिहायला लावले. त्याने बॉलपेन इतके आवळून धरले होते, की तर्जनीचे नख पांढरे पडले होते. पान उलटून मागून बोट फिरवले, तर अक्षरे उठलेली लागत होती. अर्धे पान लिहून झाल्यावर तो हात झटकू लागला. दुखणे सापडले. त्याचे वळण वाईट नव्हते, हात आवळलेला होता. आवळलेल्या हाताने गोलाई निघत नाही. कोपरे निघतात, आणि हात दमला की तेही मोडतात.

यात बॉलपेनचा दोष थोडासा आहे. बॉलपेनच्या टोकाशी एक बारीकशी गोळी असते आणि आत दाट, तेलकट शाई असते. गोळी कागदावर घासून फिरली तरच शाई उतरते. म्हणून पेन काहीसे उभे धरावे लागते आणि थोडा दाब द्यावा लागतो. सवयीने तो दाब गरजेपेक्षा पुष्कळच वाढतो. शाईच्या पेनाचे तसे नाही. त्याची शाई पाण्यासारखी पातळ असते. निबाच्या मधोमध एक बारीक फट असते आणि निबाखाली एक पन्हळीदार पट्टी असते; तिला जीभ म्हणतात. समईतली वात जशी तेल आपोआप ओढून घेते, तशीच ही जीभ आणि ती फट टाकीतली शाई टोकापर्यंत ओढून आणते. टोक कागदाला नुसते टेकले, की कागद ती शाई शोषून घेतो. दाबण्याचे कारणच उरत नाही. उलट दाबले तर निबाच्या दोन पाकळ्या फाकतात, रेघ जाड होते, पेन कुरकुरते. तुमचा हात जड आहे, हे पेनच तुम्हाला सांगते. असा मास्तर दुसरा कुठे मिळायचा?

ही युक्ती दिसते तितकी सोपी नव्हती. शाई टोकाकडे जायची तर तिच्या जागी टाकीत हवा शिरली पाहिजे. ती नीट शिरली नाही तर पेन अडते, आणि एकदम शिरली तर डाग पडतो. अमेरिकेत लुईस वॉटरमन यांनी १८८४ साली ज्या पेनाचे पेटंट घेतले, त्याच्या जिभेत बारीक चर ठेवून शाई खाली आणि हवा वर जाण्याची सोय केलेली होती. तेव्हापासून शाईचे पेन भरवशाचे झाले. आपल्याकडे दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईची पूड आणि गोळ्या ‘हॉर्स ब्रँड’ नावाने विकावयास सुरुवात केली. पुढे त्यांचीच ‘कॅमल’ शाई शाळाशाळांतून गेली आणि तिच्यावरूनच ‘कॅमलिन’ हे नाव आले. आंध्रातील राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी हाताने घडवलेले स्वदेशी पेन गांधीजींनी वापरले आणि १९३५ साली तसे पत्र त्यांना लिहिले.

आता पेन कसे घ्यावे ते पाहू. महागच पाहिजे असे मुळीच नाही. साधे शाळकरी पेन चालते. दुकानात कोऱ्या कागदावर आठाचा आकडा सावकाश गिरवून पाहा. सगळ्या दिशांनी रेघ सारखी उमटली, कुठे खरवडल्यासारखे झाले नाही, तर निब चांगले. आपल्या वह्यांच्या कागदावर मध्यम जाडीपेक्षा थोडे बारीक निब बरे पडते. फार जाड निबाने ‘क्ष’, ‘ष्ट’, ‘द्ध’ यांची पोटे भरून जातात. फार बारीक निब घेतले तर ते कागदात रुतते, आणि हात पुन्हा आवळला जातो.

पेन धरावे ते अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत, आणि मधल्या बोटाचा खालून आधार द्यावा. निबाच्या टोकापासून बोटे साधारण दोन ते तीन सेंटिमीटर वर असावीत. पेन कागदाशी अर्ध्या काटकोनाइतके, किंवा त्याहून किंचित उभे, कललेले असावे. निबाची चकचकीत बाजू वर आणि जीभ खाली. पेन निबाच्या अंगावर फिरवले तर शाई तुटते. आता एक परीक्षा घ्या. लिहिता लिहिता दुसऱ्या हाताने पेन वर ओढून पाहा. ते सहज निसटले पाहिजे. निसटत नसेल, तर पकड घट्ट आहे असे समजावे. दर दोन-चार ओळींनंतर ही परीक्षा केली, तर आठवड्याभरात हात सैल पडू लागतो.

लिहिताना नुसती बोटे हलवू नका. मनगट आणि कोपरापुढचा हातही ओळीबरोबर पुढे सरकला पाहिजे. त्यासाठी हात टेकायला जागा हवी. मांडीवर वही घेऊन लिहिणाऱ्या मुलाचे अक्षर सुधारत नाही, यात त्याचा अपराध नसतो. घरात टेबल नसेल तर पाट उलथा घालावा, पत्र्याचा डबा घ्यावा, पण वहीखाली काही तरी टणक आणि सपाट असावे.

शाईविषयी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. आपल्या आजोबा-पणजोबांची शाई काजळ आणि डिंक घोटून केलेली असे. बोरूला आणि टाकाला ती उत्तम. ती शतकानुशतके टिकते, कारण काजळ म्हणजे कार्बन, आणि तो उन्हाने विटत नाही. पण ही शाई पेनात घालाल तर डिंक वाळून जिभेचे चर कायमचे बंद होतील. चित्रकलेच्या काळ्या शाईचेही तेच. बाटलीवर फाउंटन पेनसाठी असे स्पष्ट छापलेले नसेल, तर ती शाई पेनात भरू नये.

पेनची साधी निळी शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. ती छान वाहते, पेन सहज धुतले जाते, कपड्यावरचा डागही बहुधा निघतो. म्हणूनच ती सरावाला उत्तम. पण पावसाचा एक थेंब पडला की तिचे लिखाण वाहून जाते, आणि उन्हात ते फिके पडते. जुन्या तऱ्हेच्या निळ्या-काळ्या शाईत लोहाचा क्षार असतो. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई करीत, तेच हे तत्त्व. लिहिताना ती फिकी दिसते, मग हवा लागून काळवंडते आणि कागदात मुरते. दस्तऐवजाला ती चांगली. मात्र ती थोडी आम्ल असते, म्हणून तिचे पेन नियमाने धुवावे लागते. दोन तऱ्हेच्या शाया एकत्र करू नयेत. कधी कधी गाळ साचून पेन तुंबते.

शिक्षकांना एक छोटा प्रयोग सुचवतो. वर्गात निरनिराळ्या शायांनी एकेक ओळ लिहून घ्या. वाळल्यावर प्रत्येकीच्या एका टोकावर पाण्याचा थेंब टाका. दुसरा तसाच कागद अर्धा झाकून महिनाभर खिडकीत उन्हात ठेवा. कोणती शाई कशासाठी वापरावी, हे मुलांना पुन्हा सांगावे लागणार नाही.

कागदाकडेही लक्ष हवे. कागद करताना त्याला खळ दिलेली असते, म्हणून शाई त्यावर ठरते. खळ कमी असली, किंवा पावसाळ्यात कागद दमट झाला, की शाई फुटते आणि अक्षराला केस फुटल्यासारखे दिसते. मग दोष अक्षराचा नसतो. वही घेण्यापूर्वी कोपऱ्यात एक शब्द लिहून पाहावा. मागे उमटत असेल तर दुसरी वही घ्यावी.

आता सराव. रोज पंधरा मिनिटे आणि एकच पान. एखाद्या रविवारी दहा पाने लिहून बाकीचे सहा दिवस वही न उघडणे हा सराव नव्हे. पहिला आठवडा अक्षरे काढूच नका. उभ्या रेघा, आडव्या रेघा, गोल आणि अर्धगोल काढा. उभ्या रेघा एकमेकींना समांतर आल्या, की निम्मे काम झाले. कारण देवनागरीतील बहुतेक अक्षरे उभ्या दंडाला धरून उभी असतात. दंड डुलले की सगळी ओळ झिंगल्यासारखी दिसते.

दुसऱ्या आठवड्यापासून अक्षरे घ्या, पण क, ख, ग या क्रमाने नव्हे. आकाराने सारखी अक्षरे एकत्र घ्या. आपल्या जुन्या शिक्षकांनी ‘ग म भ न’ हा क्रम लावला तो काही उगाच नव्हे. त्यापुढे ‘व ब क’, ‘प ष फ’, ‘ट ठ ढ द’, ‘घ ध छ’, ‘र स ख’ अशी कुळे घ्या. एका कुळातले एक अक्षर साधले की भावंडे आपोआप साधतात. ‘ल’ आणि ‘श’ दोन तऱ्हांनी लिहितात. त्यांतले मराठी वळणाचे एक रूप धरा आणि तेच कायम ठेवा.

ज्या जोड्यांत घोटाळा होतो त्यांवर विशेष मेहनत घ्यावी. ‘ख’ सुटा लिहिला की ‘रव’ होतो. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांतला फरक बराचसा डोक्यावरच्या रेघेत आहे. ‘ध’ आणि ‘भ’ यांच्या डोक्यावर रेघ तुटलेली असते. घाईने सरसकट रेघ ओढली, की ‘धन’चे ‘घन’ आणि ‘भार’चा ‘मार’ झालाच. नारायणराव पेशव्यांचा वध १७७३ साली झाला, त्याची ‘ध चा मा’ केल्याची आख्यायिका आपण सर्वांनी ऐकली आहे. तिथे म्हणे कोणी तरी तो मुद्दाम केला. आपण रोज बिनदिक्कत करीत असतो आणि आपल्याला पत्ताही नसतो! म्हणून शिरोरेघ प्रत्येक अक्षरावर तुकड्यातुकड्याने देऊ नका आणि सगळ्या ओळीवर एकदम फासूही नका. शब्द पुरा झाला की त्या शब्दापुरती द्यावी, आणि जिथे ती तुटावयास हवी तिथे पेन उचलावे.

देवनागरी ओळीला तीन मजले असतात हे विसरू नका. वर वेलांटी, मात्रा आणि अनुस्वार, मध्ये अक्षर, खाली उकार. लहान मुलांना दुरेघी वही देतात ती मधला मजला बांधून घेण्यासाठी. एकरेघी वहीवर आलात, की दोन रेघांमधल्या अंतराच्या निम्म्या उंचीचे अक्षर काढा. उरलेली जागा वरच्या आणि खालच्या मजल्यांना लागते. तशी ती ठेवली नाही, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो, आणि वाचणारा दोहोंत अडकतो. दोन शब्दांत एका अक्षराएवढी जागा सोडावी.

हे काही मी नवे सांगत नाही. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे, पान आखून घ्यावे, ओळीला ओळ लागू नये, पहिले अक्षर जसे तसेच ग्रंथ संपेपर्यंतचे असावे, असे त्यात सांगितले आहे. तरुणपणी हौसेने फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही, म्हणून मध्यम अक्षराची सवय करावी, हेही त्यांनी बजावले आहे. बोरूच्या काळातला हा सल्ला आजच्या पेनालाही तंतोतंत लागू पडतो.

पेनाची निगा अगदी साधी आहे. तीन-चार आठवड्यांनी एकदा, आणि शाई बदलताना दर वेळी, पेन साध्या थंड पाण्याने धुवावे. गरम पाणी नको. लिहिणे थांबले की टोपण लावावे आणि खिशात निब वर राहील असे ठेवावे. ड्रॉपरने शाई भरावयाच्या पेनात शाई थोडी उरली, की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि डाग पडतो. म्हणून शाई एक तृतीयांश राहिली की पुन्हा भरावी. उन्हाळ्याच्या सुट्टीत पेन वापरणार नसाल तर रिकामे करून, धुऊन, वाळवून ठेवावे.

परीक्षेचे काय, असे पालक विचारतात. परीक्षेच्या कागदावर शाई फुटणार नाही याची खात्री असेल, तर शाईच्या पेनाने लिहावे. खात्री नसेल तर खुशाल जेलपेन किंवा बॉलपेन वापरावे. हात एकदा सैल झाला, की तो सैलपणा कोणत्याही पेनात उतरतो. शाईचे पेन हे शिकण्याचे साधन आहे, त्याचे व्रत घ्यावयाचे नाही.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींशी दोन शब्द. डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताने लिहावयास लावू नका. त्याची वही वरच्या बाजूने थोडी उजवीकडे कलती ठेवा, हात ओळीच्या खाली राहू द्या, आणि लवकर वाळणारी शाई द्या. म्हणजे लिहिलेले पुसले जाणार नाही. काही मुलांना मनापासून प्रयत्न करूनही लिहिणे जमत नाही. ती आळशी नसतात. लिहिण्याची खरीखुरी अडचण असू शकते, तिला लेखन-अक्षमता म्हणतात. अशा मुलाला तज्ज्ञाला दाखवावे. आणि वाईट अक्षराची शिक्षा म्हणून ‘पन्नास वेळा लिही’ असे कोणालाही सांगू नये. पन्नास वेळा घाईने लिहिले, की वाईट वळणच पन्नास पटीने पक्के होते. गांधीजींनी आपल्या आत्मकथेत स्वतःच्या वाईट अक्षराची खंत मोकळेपणी लिहिली आहे. मुलांना आधी चित्रे काढावयास शिकवावे आणि मग अक्षरे, असे त्यांचे मत झाले होते. पहिलीच्या वर्गात पाटीवर पक्षी, पाने, घर काढून घेणारा शिक्षक वेळ फुकट घालवीत नसतो, हे त्यावरून ध्यानात यावे.

तो मुलगा नंतर वर्षभर माझ्याकडे दर शनिवारी एक पान आणून दाखवीत असे. पहिल्या पानावर मी त्याला तारीख घालावयास सांगितली होती. तुम्हीही घाला, कारण रोजच्या रोज फरक दिसत नाही, तो तीन महिन्यांनी पहिले पान काढल्यावर दिसतो. वार्षिक परीक्षेत त्याची उत्तरपत्रिका पुन्हा माझ्याकडे आली. अक्षर मोत्यासारखे नव्हते. पण मी कुठे अडलो नाही. दुसऱ्या प्रश्नात त्याची एक ढोबळ चूक सापडली आणि मी दोन गुण कापले. तो भेटला तेव्हा हसून म्हणाला, “सर, या वेळी मात्र माझंच चुकलं होतं.”